पडवीत पट मांडा: बैठ्या खेळांची सुरुवात कशी करायची

आमच्या सासूबाई अष्टाचंग खेळताना चिंचोके मुठीत घेतात, दोनदा खुळखुळवतात आणि तशाच थांबतात. लगेच टाकत नाहीत. आधी पटाकडे बघतात, मग समोर बसलेल्या नातवाच्या तोंडाकडे. त्याची कुठली सोंगटी मारात आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असतं. "टाक मगे आजये!" तो ओरडतो. "थांब रे झिला, घाई कित्याक? माझो डाव हा." त्या चार-पाच सेकंदांत पडवीत बसलेली सगळी माणसं एका मुठीकडे बघत असतात. आमच्या घरात दिवसभरात दुसऱ्या कुठल्याच वेळी असं होत नाही. जेवतानासुद्धा नाही.

बैठ्या खेळांची किंमत मला त्या थांबण्यात दिसते. फोनवर कुणाची वाट बघावी लागत नाही. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा तयार असतो. लुडोसुद्धा फोनवर खेळला की सोंगटी आपोआप सरकते, आणि समोरच्याने उशीर लावला तर त्याचा डाव कापला जातो. पटावर मात्र दुसऱ्याचा डाव पुरा होईस्तोवर बसून राहावं लागतं. त्या बसण्यात माणूस दुसऱ्याकडे नीट बघतो, त्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेतो. मधेच काजूच्या भावाचा विषय निघतो, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं ते कळतं.

मी वेंगुर्ला तालुक्यात राहते. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की घर भरतं, आणि गेली सहा वर्षं मी त्या भरलेल्या घरात पट मांडते आहे. ज्यांच्या घरात हे कधी झालंच नाही किंवा झालं होतं पण मोडलं, त्यांच्यासाठी हे लिहिते. लागणारं बहुतेक सामान तुमच्या परसात आहे.

जागा, उजेड आणि वेळ

पटाची जागा ठरलेली असावी. रोज वेगळीकडे बसलं की रोज नव्याने सगळ्यांना हाका मारून गोळा करावं लागतं. आम्ही पडवीतला दाराच्या उजव्या हाताचा कोपरा धरला, कारण तिथे पावसाचे शिंतोडे येत नाहीत आणि आत-बाहेर करणाऱ्याला पटाजवळूनच जावं लागतं. हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जाता जाता माणूस डोकावतो, "कोण पुढे?" विचारतो, आणि दोन मिनिटांनी मांडी घालून बसलेला असतो. आतल्या खोलीत दार लोटून मांडलेल्या पटाला असे खेळगडी मिळत नाहीत.

खाली बसणं ज्यांना जमत नाही त्यांची सोय आधी करा. गुडघे दुखतात म्हणून आजोबा लांब खुर्चीत राहिले की ते नुसते बघे होतात. त्यांना खेळात घ्यायचं असेल तर पट चौरंगावर मांडा आणि त्यांना बुटकी खुर्ची द्या. बल्ब पटाच्या बरोबर वर हवा. बाजूने उजेड आला की एकाची सावली पटावर पडते आणि वाद सुरू होतात. डासांसाठी नारळाची दोन सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पेटवून धूर करून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर दिवेलागणीनंतर आणि जेवणाआधीचा पाऊण तास आमच्याकडे चालतो. गणपतीत आरती आणि भजनाच्या मधे. किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये सर्वांत चांगला काळ पावसाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, एरवी पहाटे समुद्रावर जाणारी माणसं संध्याकाळी घरी सापडतात. ज्या बापाशी मुलांची वर्षभर धड गाठ पडत नाही त्याच्यासमोर बसायचे हे एकसष्ट दिवस आहेत.

फोनचं काय करायचं

आमच्या पडवीत एक मोठी रोवळी आहे. खेळ सुरू होण्याआधी सगळे फोन त्या रोवळीत जातात आणि रोवळी माजघरात जाते. पहिला फोन घरातल्या कर्त्या माणसाने टाकायचा. ही अट मी कधीच सोडत नाही. मुलांना "ठेव तो फोन" म्हणून स्वतः मांडीखाली फोन लपवणाऱ्या मोठ्यांमुळे हा बेत जितका फसतो तितका मुलांमुळे फसत नाही. घरातलं कुणी बोटीवर असेल, कुणी दवाखान्यात असेल, तर एक फोन आवाज चालू ठेवून बाहेर राहू द्या आणि तो कुणाकडे राहणार हे आधी सांगा.

लहानग्यांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा बघण्यासाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये, कमी दिला तर आणखी बरं, असं म्हटलं आहे. तीन वर्षांच्या मुलाला पट कळत नाही, पण चिंचोके टाकायचं काम त्याला देता येतं. दुसऱ्याच्या वतीने टाकू दे, त्याला तेही पुरतं.

पहिला खेळ: अष्टाचंग

सुरुवात याच खेळाने करा. विकत काही आणायचं नाही, पाच वर्षांच्या मुलाला दोन डावांत येतो, आणि सत्तर वर्षांच्या माणसाला बहुधा आधीच येत असतो. नावं जागोजागी बदलतात. कुणी चल्लस आठ म्हणतात, कुणी चंपूल. कर्नाटकात चौकाबारा म्हणतात, तेलुगू मुलखात अष्टाचम्मा. नाव कुठलंही असो, पट तोच. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते त्यांचं नाव सांगतील. तेच वापरा.

आधी चिंचोके. चार चिंचोके लागतील, पण आठ-दहा घ्या. वाळलेला चिंचोका चिमटीत धरून खरबरीत दगडावर पाण्याचा थेंब टाकून घासायचा. आमच्या पायरीचा जांभा यासाठी उत्तम. दहा मिनिटांत वरचं तपकिरी साल एका बाजूने निघतं आणि आतला पिवळट पांढरा भाग सपाट होतो. एक बाजू तपकिरी आणि फुगीर, दुसरी पांढरी आणि सपाट. बोटं भाजतात, कारण घासून चिंचोका तापतो. मुलांना हे काम फार आवडतं. तापलेला चिंचोका एकमेकांच्या हाताला लावून चटका द्यायचा खेळ आमच्या लहानपणीही होता आणि आता कुणी न शिकवता पुन्हा सुरू झाला आहे. घासून झालेल्यांतले साधारण सारखे चार निवडा. कवड्या असतील तर घासायची गरज नाही, चार कवड्या घ्या, उताणी कवडी म्हणजे पांढरी बाजू.

मग पट. खडूने जमिनीवर पाच आडव्या आणि पाच उभ्या घरांचा चौकोन काढा, एकूण पंचवीस घरं. एक घर चार बोटं रुंद असलं की पुरे. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली मारा आणि अगदी मधल्या घरात एक फुली. पाच फुल्या झाल्या. बाजूच्या चार फुल्या ही चौघांची घरं. चारांच्या जागी दोघं किंवा तिघं खेळले तरी चालतं.

सोंगट्या प्रत्येकाच्या चार. पण पहिल्या दिवशी दोनच घ्या, नाहीतर डाव तासभर चालतो आणि नवा माणूस कंटाळतो. आमच्याकडे एकाच्या काजूबिया, एकाचे गजगे, एकाच्या बांगडीचे तुकडे आणि एकाच्या वाळवलेल्या रतांब्याच्या बिया असतात. वेगळ्या ओळखू आल्या म्हणजे झालं.

आता चाल. चारही चिंचोके एकदम टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचे. एक पांढरा म्हणजे एक घर, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. चारही पांढरे पडले तर चार. चारही तपकिरी पडले तर आठ, हेच ते अष्ट. चार किंवा आठ पडले की आणखी एकदा टाकायला मिळतं.

सोंगटी आपल्या घरातून निघते आणि बाहेरच्या रांगेतून घड्याळाच्या उलट दिशेने जाते. पूर्ण फेरी मारून ती आपल्या घराच्या एक घर अलीकडे येते. तिथून ती आतल्या रांगेत वळते आणि आत मात्र घड्याळाच्या दिशेने फिरते. आतली आठ घरं झाली की मधलं घर. बाहेर पंधरा पावलं, आत आठ आणि शेवटचं एक, मिळून चोवीस. मधल्या घरात नेमका आकडा पडला तरच शिरता येतं.

दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी बरोबर पडली की ती मेली. ती तिच्या घरी परत जाते, आणि मारणाऱ्याला आणखी एकदा टाकायला मिळतं. फुलीच्या घरात मात्र कुणाला मारता येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: ज्याने एकदाही कुणाला मारलेलं नाही, त्याला आतल्या रांगेत वळता येत नाही. त्याने बाहेरच फिरत राहायचं. हा नियम सोडू नका. यामुळेच भिऊन फुलीफुलीवर बसणाऱ्याला शेवटी बाहेर यावं लागतं आणि डावात जीव येतो. ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी मधे पोचल्या तो जिंकला.

पुतणीने एकदा विचारलं, दोनच सारखे का पडतात? आम्ही कागदावर मांडून बघितलं. चार चिंचोके, प्रत्येक दोन तऱ्हांनी पडू शकतो, म्हणजे सगळे मिळून सोळा प्रकार. त्यांतल्या सहा प्रकारांत दोन पांढरे येतात. एक पांढरा चार प्रकारांत, तीन पांढरे चार प्रकारांत. चारही पांढरे फक्त एका प्रकारात, चारही तपकिरी एका. मग तिने शंभर वेळा टाकून खुणा केल्या. घासलेले चिंचोके अगदी सारखे नसतात, त्यामुळे तिचे आकडे कागदाशी तंतोतंत जुळले नाहीत, पण दोनांची रांग सर्वांत लांब निघाली. तेव्हापासून ती नातेवाइकांच्या सोंगट्यांमागे बरोबर दोन घरं अंतर ठेवून बसते.

नवीन माणसाला शिकवताना

वर लिहिले तेवढे नियम एका दमात कुणाला सांगू नका. पट मांडा, चिंचोके त्याच्या हातात द्या आणि सांगा, टाक. दोन पडले, दोन घरं चालव. मारायची वेळ आली की मारणं सांगा, वळायची वेळ आली की वळणं. पहिला डाव शिकण्याचा, तो मोजायचा नाही, हे आधीच सगळ्यांसमोर म्हणा.

शिकवणाऱ्याने दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नाही. ही सवय मोठ्यांना, त्यातही काकालोकांना, सोडवत नाही. "अरे ही चालव ना" म्हणत बोट पुढे येतंच. पण मुलाने चुकीची सोंगटी चालवली, ती मेली, आणि पुढच्या वेळी त्याने स्वतः विचार केला, तर तो खेळायला शिकला. त्याच्या वतीने काका जिंकले तर तो पुन्हा रोवळीकडे वळेल. विचारलं तरच सांगायचं, आणि तेही "या दोघींपैकी कुठली मारात आहे बघ" इतकंच.

घरोघरी नियम थोडे निराळे असतात. काहींच्याकडे सोंगटी बाहेर काढायलाच चार किंवा आठ लागतात. काहींच्याकडे आपल्याच दोन सोंगट्या एका घरात बसल्या की त्यांना मारता येत नाही. मुंबईचे, सावंतवाडीचे, मालवणचे पाहुणे एका पटावर बसले की हे वाद होणारच. डाव मांडण्याआधी नियम ठरवा आणि भिंतीला कागद लावा. मधे बदल नाही.

हरलेलं पोर

माझ्या भाच्याने दुसऱ्याच दिवशी पट उधळला. नऊ वर्षांचा होता. तिसरी सोंगटी मेली आणि त्याने हाताने सगळं झटकून दिलं, काजूबिया पायरीखाली गेल्या. फोनवर हरलं की त्याला कुणी बघत नसे, लगेच नवा डाव सुरू करता येई. इथे सात जणांनी बघितलं.

त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही, आणि मला वाटतं तेच बरोबर झालं. सासूबाईंनी बॅटरी घेऊन खाली उतरून बिया शोधायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तोही शोधायला उतरला. दुसऱ्या दिवशी पट त्याच वेळी, त्याच जागी मांडला आणि त्याचं घर रिकामं ठेवलं. तो जरा उशिराने येऊन बसला.

लहान मुलांसमोर मुद्दाम हरू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांना ते कळतं आणि अपमान वाटतो. त्याऐवजी उघडपणे सूट द्या. अष्टाचंगमध्ये लहान मुलाला "एक मारलेली आहे" असं धरून आत वळायची मोकळीक द्या. बुद्धिबळात मोठ्याने आपला वजीर काढून ठेवावा. कॅरमला मोठ्याने डाव्या हाताने खेळावं. मूल सरावलं की सूट कमी करत न्या. ज्या दिवशी ते म्हणेल "आता वजीर ठेव तुझा," तो दिवस लक्षात राहतो.

मग कॅरम

अष्टाचंग रुळला की कॅरम काढा. कोकणात कॅरम नसलेली वाडी विरळा. मंडळाच्या खोलीत, सलूनबाहेर, बंद दुकानाच्या पायरीवर बोर्ड दिसतोच. रत्नागिरीच्या रियाझ अकबर अलीसारखे राष्ट्रीय पातळीवर गाजलेले खेळाडू याच मातीतले. घरात बोर्ड असतोच, बहुधा कपाटामागे.

स्पर्धेच्या बोर्डाची आतली बाजू साधारण ७४ सेंटिमीटर असते. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी, अशा एकोणीस सोंगट्या. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून ती पक्की करावी लागते, नाहीतर राणी परत मधे. राणीचे तीन गुण, आणि पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा गेम. घरी एवढं मोजायची गरज नाही, पण मुलांना दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून लावा: स्ट्रायकर टिचकीने मारायचा, ढकलायचा नाही, आणि तो दोन्ही रेषांना टेकलेला हवा. ढकलायची सवय लागली की ती जात नाही.

आपल्या हवेत बोर्ड टिकवणं हे वेगळंच काम आहे. पावसात प्लायवूड ओल धरतो आणि मधे फुगतो, मग प्रत्येक सोंगटी एकाच कोपऱ्याकडे सरकते. बोर्ड बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या भिंतीला ओल असते. आतल्या भिंतीला उभा ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर चांगली. पूर्वी माळ्यावर चुलीच्या धगीला वस्तू ठेवत ते उगीच नव्हे. बोरिक पावडरचे जूनमध्ये खडे होतात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि खेळून झाल्यावर मुलांना हात धुवायला लावा. ती पोटात जाता कामा नये.

बुद्धिबळ आणि वाळूतला पट

बुद्धिबळ सहा सोंगट्यांच्या चाली पाठ करून सुरू केलं तर निम्मी मुलं पळतात. आधी फक्त दोन्हीकडची प्यादी मांडा. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या शेवटच्या रांगेत पोचलं तो जिंकला. दोन संध्याकाळी हे खेळा. मग राजा आणा, मग हत्ती, मग उंट, घोडा सर्वांत शेवटी. गावातली काही वडीलधारी मंडळी जुन्या देशी पद्धतीने खेळतात, त्यांच्याकडे प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं. त्यांच्याशी बसायचं तर आधी विचारून घ्या. मुलगी घरात असेल तर तिला सांगा की नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, एकोणिसाव्या वर्षी.

मे महिन्यात पोरं किनाऱ्यावर असतील तर तिथे पट न नेता खेळता येतं. ओहोटीला ओलसर वाळूत समोरासमोर सात-सात खळगे करा. चौदा खळग्यांत पाच-पाच काजूबिया, म्हणजे सत्तर. आपल्या बाजूच्या एका खळग्यातल्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. हातातल्या संपल्या की त्यापुढच्या खळग्यातल्या उचलून पुढे चालायचं. पुढचा खळगा रिकामा निघाला तर त्याच्याही पुढच्या खळग्यात जे असेल ते आपलं, आणि डाव दुसऱ्याकडे. कोकणी माणसं याला गुरपाळे म्हणतात, तमिळनाडूत पल्लांगुळी, आणि तिथे लाकडाचे कोरीव पट असतात. वाळूत खेळायची मजा अशी की भरती येईपर्यंतच वेळ असतो. कुर्ल्या मधे शिरतात ते वेगळं.

सावंतवाडीला एक दिवस

एवढं झालं की मुलांना सावंतवाडीला न्या. चितार आळीतली रंगीत लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत असतात, पण राजवाड्यात जाऊन गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, बघा. गोल पानं, हाताने रंगवलेली, वर लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण १२० पानं. एकेका अवताराचा एकेक रंग: मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, आणि आपलं कोकण वसवणाऱ्या परशुरामाच्या पानांवर परशू. राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही कला जवळजवळ संपली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली, राणीसाहेब स्वतः रंगवायला शिकल्या. जुन्या पद्धतीत पान ताठ करायला चिंचोक्याची खळ लावत. आमच्या पुतणीने हे ऐकल्यावर पान पुन्हा हातात मागून घेतलं.

खेळ तिघांचा. चाळीस-चाळीस पानं वाटायची. हुकूम नसतो. पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा. दिवसा ज्याच्याकडे राम असेल त्याने सुरुवात करायची, रात्री ज्याच्याकडे कृष्ण असेल त्याने. नवीन माणसाने थेट यावर उडी घेऊ नये. आधी साध्या पत्त्यांवर मेंढीकोट, पाच-तीन-दोन खेळून हात करण्याची सवय लावावी. हाताने रंगवलेला संच महाग असतो, आणि तो असावाही. एकेक पान माणसाने रंगवलेलं आहे.

विकतच्या खेळांबद्दल थोडंसं

मुलं लुडो मागतील. जरूर घ्या, आणि त्यांना सांगा की तो आपल्या पचिसीवरून गेलेला आहे. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. पचिसीचा कापडी पट चार पानांचा, प्रत्येक पानात चोवीस घरं, आणि फाशाऐवजी कवड्या. कुणाच्या माळ्यावर असा पट असेल तर उंदरांनी खाण्याआधी खाली आणा.

व्यापार मात्र पहिल्या महिन्यात नको. तो तासन् तास चालतो, आणि ज्याचं दिवाळं निघालं त्याला शेवटपर्यंत काही काम उरत नाही. तो उठून फोन शोधतो. पुढे कधी खेळलात तर त्याची जन्मकथा सांगा. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये एका खेळाचं पेटंट घेतलं होतं. एकाच्या हातात जमिनी गेल्या की बाकीचे भाडं भरून कसे कंगाल होतात हे लोकांना दाखवणं हा त्यांचा हेतू होता. त्यातूनच पुढे मोनोपॉली आणि आपला व्यापार आला. सड्यावरच्या जमिनी ज्या वेगाने विकल्या जाताहेत ते बघणाऱ्या आमच्या पडवीत या गोष्टीवर खेळापेक्षा जास्त वेळ बोलणं झालं.

पैसे लावून खेळू नका. गणपतीच्या रात्री जागरणाच्या नावाखाली पत्त्यांवर पैसे लागतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात घरं दुखावलेली मी बघितली आहेत. एकदा नोट पटावर आली की लहान मुलं आणि बायका आपोआप उठतात. आमच्याकडे हरणाऱ्याने सगळ्यांना चहा करायचा, एवढंच.

डाव अर्धा राहिला तर

जेवायची हाक येते आणि डाव अर्धाच असतो. मोडू नका. आम्ही नंतर खडूचा पट सोडून फळीवर रंगाने पट काढून घेतला, तो यासाठीच. फळी आहे तशी भिंतीकडे सरकवायची. कुणाचा डाव होता ते कागदावर लिहायचं आणि चिंचोके त्याच माणसाच्या घराजवळ ठेवायचे. तोवर माजघरातून फोनची रोवळी बाहेर आलेली असते आणि ज्याचा त्याने फोन घेतला की ती रिकामी होते. तीच पटावर पालथी घाला, म्हणजे रात्री मांजर सोंगट्या खेळवणार नाही. आणि सकाळी पडवी झाडणाऱ्याला रात्रीच सांगून ठेवा.